स्वभावाला औषध आहे काय?

(अभ्यासपाठ : मानवी व्यक्तिमत्त्वाची मुख्य परिमाणे)



‘स्वभावाला औषध नाही’ आणि ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ या दोन म्हणी आपल्या घराघरांतून ऐकू येतात. मुलगा रागीट निघाला, सून अबोल निघाली, भाऊ उधळ्या निघाला की आपण या म्हणींचा आधार घेतो आणि विषय संपवतो. म्हणी निरुपद्रवी वाटतात. परंतु याच नजरेने एका माणसाऐवजी एका सबंध जातीकडे पाहिले म्हणजे काय होते, याचा कटू अनुभव आपल्या समाजाने शतकानुशतके घेतला आहे. ‘ते लोक तसेच!’ हे वाक्य म्हणजे ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीचा थोरला भाऊच होय.

म्हणून व्यक्तिमत्त्व म्हणजे काय, त्याची मुख्य परिमाणे कोणती, ती कशी घडतात आणि ती बदलतात की नाही, हा अभ्यास केवळ कॉलेजातील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरता नाही. तो आपल्या प्रत्येकाच्या जगण्याचा प्रश्न आहे. या पाठात आपण तो क्रमाने पाहू.

१. कप्पे आणि मोजपट्ट्या

माणसांतील फरक समजून घेण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत कप्प्यांची. प्राचीन ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार द्रवांवरून माणसांच्या चार प्रकृती ठरवल्या. प्लेटोने समाजाचे तीन वर्ग कल्पिले. आपल्याकडे सत्त्व, रज व तम असे तीन गुण सांगितले गेले आणि त्या गुणांचा आधार घेऊन चातुर्वर्ण्याचे समर्थन करण्यात आले. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. माणसाला एका कप्प्यात टाकायचे आणि कप्प्यावरची चिठ्ठी वाचून त्याची योग्यता ठरवायची.

दुसरी रीत मोजपट्टीची. कोल्हापूरच्या तालमीतले उदाहरण घ्या. नवा पोरगा तालमीत आला तर वस्ताद त्याची उंची पाहतो, वजन पाहतो, छाती पाहतो, दम किती टिकतो ते पाहतो, डावाची समज पाहतो. उंच आहे म्हणून दमदार असेल असे तो मानत नाही. वजन एकच असलेले दोन पैलवान दमाच्या बाबतीत अगदी निराळे असू शकतात. उंची ही एक मोजपट्टी, वजन ही दुसरी, दम ही तिसरी. प्रत्येक पैलवान प्रत्येक मोजपट्टीवर कोठे ना कोठे असतोच. कोणी अधिक, कोणी उणा, बहुतेक मध्ये. अशा स्वतंत्र मोजपट्टीलाच शास्त्रात परिमाण म्हणतात.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या नावाने आपल्याला परिचित असलेल्या भाषणात नेमका हा मुद्दा मांडलेला आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले हे भाषण होऊ शकले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. जन्मावर नव्हे तर गुणांवर आधारलेले चातुर्वर्ण्य चालेल, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी तेथे उत्तर दिले. ते उत्तर केवळ सामाजिक न्यायाचे नव्हते, ते मानसशास्त्राचेही होते. माणसांचे तीन किंवा चार ठळक वर्ग पाडणे हे माणसाकडे वरवर पाहणे होय; प्रत्येक व्यक्तीत प्रवृत्तींची जी मिश्रणे असतात त्यांना अंत नाही; प्लेटोची चूक येथेच झाली, असे बाबासाहेबांनी दाखवून दिले.

२. पाच मुख्य परिमाणे

योगायोग असा की त्याच १९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ऑडबर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसामाणसांतील फरक सांगणारे १७,९५३ शब्द गोळा केले. माणसाला माणसात जे फरक महत्त्वाचे वाटतात त्यांना तो शब्द देतोच, असा त्यांच्या कामामागचा विचार होता. पुढे रेमंड कॅटेल याने ही यादी आटवत आणली आणि १६ घटक मानले. १९६१ साली ट्यूप्स व ख्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांच्या माहितीत पाचच घटक पुन्हापुन्हा आढळले. नंतर लुईस गोल्डबर्ग, पॉल कोस्टा व रॉबर्ट मॅक्रे यांच्या कामामुळे ही पाच परिमाणे जगभर परिचित झाली. ती अशी :

(अ) बहिर्मुखता – चारचौघांत मिसळण्याची, बोलण्याची, पुढे होण्याची ओढ. एकाला जयंतीच्या मिरवणुकीत उत्साह येतो. दुसऱ्याला त्याच दिवशी विहाराच्या कोपऱ्यात पुस्तक वाचत बसणे बरे वाटते.

(आ) सौजन्य – दुसऱ्याचे समजून घेण्याची, विश्वास टाकण्याची, जमवून घेण्याची वृत्ती. याच्या उलट टोकाला संशय व हटवादीपणा.

(इ) कर्तव्यदक्षता – नीटनेटकेपणा, वेळ पाळणे, हाती घेतलेले तडीस नेणे.

(ई) भावनिक अस्थिरता – चिंता, भीती, चीड, उदासी लवकर येणे व लवकर न ओसरणे. याच्या उलट टोकाला शांतपणा.

(उ) नवग्राहकता – नवे विचार, नव्या कला, नवे अनुभव यांबद्दलची उत्सुकता.

येथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली : यांतील कोणतेही टोक सर्वस्वी चांगले किंवा वाईट नाही. अति सौजन्य असलेला माणूस अन्यायापुढेही मान तुकवू शकतो, आणि थोडी चिंता असलेला विद्यार्थी परीक्षेची तयारी वेळेवर करतो. दुसरी : पाचही परिमाणे परस्परांपासून बरीचशी स्वतंत्र आहेत. अबोल माणूस आळशीच असेल किंवा बोलका माणूस प्रेमळच असेल, असे काही नाही. तिसरी : हे पाच म्हणजे अंतिम सत्य नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बोलिव्हियातील चिमाने या शेती व शिकारीवर जगणाऱ्या लोकांत हे पाच घटक स्पष्टपणे आढळले नाहीत. मोजपट्टी माणसाने केलेली असते. ती कामापुरती वापरावी, तिची पूजा करू नये.

३. माणूस आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती

मोजपट्टी हाती आली तरी एक मोठा धोका उरतो. दुसऱ्याची वागणूक पाहताना आपण त्याच्या स्वभावाला फार मोठे कारण मानतो आणि त्याच्यावरील परिस्थितीला फार लहान. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या चुकीला माणसाच्या विचारातील मूलभूत चूक म्हटले. आपल्याला यायला उशीर झाला तर ‘बस चुकली’ असते. दुसऱ्याला उशीर झाला तर तो ‘बेजबाबदार’ असतो.

कोल्हापूरच्या इतिहासात याचे बोलके उदाहरण आहे. राजवाड्याच्या पागेत गंगाराम कांबळे नोकरीस होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना बेदम मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांना हे कळताच त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंद्यासाठी मदत दिली. गंगारामांनी शहरात चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. तेव्हा महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले व बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावू लागले. महाराजांचे १९२२ साली निधन झाल्यावर कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभारण्यात पुढाकार घेतला तो याच गंगाराम कांबळे यांनी.

विचार करा. पागेत ते हात पाणी बाटवणारे ठरले. हॉटेलात त्याच हातचा चहा राजाने घेतला. त्या हातांत काहीच बदल झाला नव्हता. बदलली ती परिस्थिती. पागेत मार खाल्लेल्या माणसाकडे पाहून एखाद्याने ‘हे लोक दबलेलेच असतात’ असे लिहून ठेवले असते, तर धंदा चालवणारा व स्मारक उभारणारा गंगाराम त्याला कधी दिसलाच नसता.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मतःच गुन्हेगार, असे गृहीत धरून त्यांच्या माणसांवर हजेरीची सक्ती आली. एका व्यक्तीचा गुन्हा नव्हे, तर एका जमातीचा ‘स्वभाव’च कायद्याच्या पुस्तकात नोंदवला गेला! कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. ज्यांना जग चोर म्हणत होते त्या फासेपारध्यांना त्यांनी जवळ केले, काम दिले, पहाऱ्यावर नेमले. चोरीचा संशय ज्यांच्यावर, राखण त्यांच्याच हाती! देशभर हा कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त व्हायला मात्र ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस उजाडावा लागला. कायदा गेला, पण संशयाची नजर अजून पुरती गेलेली नाही.

४. ‘खाण तशी माती’ कितपत खरे?

मग स्वभावात जन्माचा काहीच वाटा नाही काय? येथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. जुळ्या भावंडांच्या अनेक अभ्यासांवरून असे दिसून येते की या पाच परिमाणांवर माणसामाणसांत जे फरक असतात, त्यांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक असतात. हे नाकारून आपले भले होणार नाही. पण याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

हा आकडा व्यक्ती-व्यक्तींतील फरकांचा आहे, जाती-जातींतील नव्हे. एकाच आईबापांची, एकाच घरात वाढलेली चार मुले घ्या. एक बडबडे, एक घुमे, एक टापटिपीचे, एक वेंधळे असे चित्र आपण रोज पाहतो. अनुवंशाचा खेळ एका घरातही सारखेपणा ठेवत नाही, तर हजारो घरांच्या जातीत एकच स्वभाव कोठून येणार? तथागतांनी सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात हेच तत्त्व सांगितले आहे. झाडे, पशू, पक्षी यांच्यात जन्मावरून ओळखता येणाऱ्या वेगवेगळ्या जाती आहेत. माणसांत तशा नाहीत. माणूस शेतकरी, व्यापारी, चोर वा ब्राह्मण ठरतो तो कर्मामुळे.

आपल्या भागातील गुऱ्हाळ पाहा. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला बळ दिले, आणि कोल्हापूरचा गूळ नावाजला गेला. उसाच्या रसात जे नाही ते गुळात येत नाही हे खरे. पण एकाच फडातील रस दोन काहिलींत टाकला आणि एका चुलवाणाचा जाळ बिघडला, किंवा गुळव्याची नजर चुकली, तर एक गूळ पिवळाधमक व दुसरा काळपट होतो. रस म्हणजे अनुवंश, जाळ म्हणजे परिस्थिती, आणि गुळव्या म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न. तिघांपैकी एकालाच सारे श्रेय किंवा सारा दोष देता येत नाही.

५. विसुद्धिमग्गातील चरित-विचार

बौद्ध परंपरेत स्वभावभेदांचा अभ्यास फार जुना आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ रचला. गोव्यात जन्मलेले आपले मराठी पंडित धर्मानंद कोसंबी यांनी या पाली ग्रंथाचे संपादन केले व त्याची देवनागरी आवृत्ती १९४० साली निघाली. त्यात सहा चरिते सांगितली आहेत : रागचरित, द्वेषचरित, मोहचरित, श्रद्धाचरित, बुद्धिचरित आणि वितर्कचरित.

हे चरित ओळखायचे कसे? जन्म विचारून नव्हे, तर वागणे पाहून. साधे झाडणे पाहा, असे बुद्धघोष सांगतात. रागचरित माणूस झाडू नीट धरून, घाई न करता, सारखे व स्वच्छ झाडतो. द्वेषचरित झाडू आवळून धरतो, खरखर आवाज करतो, दोन्ही बाजूंना धूळ उडवतो. मोहचरिताचा झाडू हातात सैल असतो आणि कचरा इकडचा तिकडे होतो.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. रागचरिताची जोडी श्रद्धाचरिताशी व द्वेषचरिताची जोडी बुद्धिचरिताशी लावलेली आहे. राग सुखाच्या वस्तूंना चिकटतो, श्रद्धा शीलाला चिकटते. द्वेष नसलेले दोष शोधतो, प्रज्ञा असलेले दोष शोधते. म्हणजे ओढ तीच, तिला वळण मात्र निराळे देता येते. शिवाय प्रत्येक चरिताला वेगळी साधना सांगितली आहे. द्वेषचरिताला मैत्री-करुणेची, मोह व वितर्काच्या माणसाला श्वासावरील स्मृतीची. जेथे साधना सांगितली आहे तेथे स्वभाव अचल मानलेला नाही, हे उघड आहे. आणि चरित ओळखण्याच्या या खुणा म्हणजे केवळ आचार्यांचे मत आहे, त्यांना प्रमाण मानू नये, असा इशाराही बुद्धघोषांनी दिला आहे. स्वतःच्याच मोजपट्टीविषयी अशी सावधगिरी दुर्मिळ होय.

६. स्वभाव आतून कसा घडतो?

पाच परिमाणे माणूस बाहेरून कसा दिसतो ते सांगतात. तो आतून कसा घडतो हे समजण्यासाठी तथागतांनी सांगितलेले पाच स्कंध उपयोगी पडतात : रूप म्हणजे देह व इंद्रिये, वेदना म्हणजे सुखद, दुःखद वा तटस्थ जाणीव, संज्ञा म्हणजे ओळख पटवणे, नाव देणे, संस्कार म्हणजे त्यावर उठणारी इच्छा, सवय व कृती, आणि विज्ञान म्हणजे जाणणे.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. खेड्यातला एक तरुण शहरात नोकरीच्या मुलाखतीला येतो. समोरचा साहेब पहिलाच प्रश्न करतो, ‘आडनाव काय?’ शब्द कानावर पडले, हे रूप व विज्ञान. छातीत कसेसेच झाले, ही वेदना. ‘हा माझी जात काढतो आहे’, ही संज्ञा. आणि ती पुष्कळदा खरीही असते. घसा कोरडा पडला, नजर खाली गेली, उत्तरे तुटक झाली, हा संस्कार. असे दहा ठिकाणी घडले की तो संस्कार पक्का होतो. मग कोणी कागदावर लिहितो : ‘उमेदवार बुजरा आहे, आत्मविश्वास कमी.’ बहिर्मुखतेच्या मोजपट्टीवर आकडा खाली आला खरा. पण त्या आकड्यात विचारणाऱ्याचा प्रश्नही मोजला गेला आहे, हे कागदावर कोठेच लिहिलेले नसते.

साहेबाच्याही मनात हेच पाच स्कंध काम करीत असतात. आडनाव ऐकताच उठणारी त्याची संज्ञाही जन्मजात नाही, ती शिकवलेली आहे. आणि जे शिकवलेले असते ते विसरवताही येते.

७. मग औषध कोणते?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २००६ साली ब्रेंट रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून पाहिले. माणूस तरुणपणाकडून प्रौढपणाकडे जातो तसा तो सरासरीने अधिक कर्तव्यदक्ष व अधिक स्थिर होतो असे आढळले. २०१७ साली त्यांनीच मानसिक उपचारांचे २०७ अभ्यास तपासले. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांनंतर, विशेषतः भावनिक अस्थिरतेत, स्पष्ट बदल दिसून आला. तेव्हा ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. औषध आहे, मात्र ते एका डोसाचे नाही.

हे औषध दोन पुड्यांचे आहे. पहिली पुडी माणसाच्या हाती : वेदना उठली आणि संस्कार उसळला यांच्या मधल्या क्षणी जागे राहणे, म्हणजेच स्मृती, आणि लहान लहान कृती रोज करून नवा संस्कार घडवणे. अबोल मुलाने दर रविवारी विहारात दोन मिनिटे उभे राहून बोलावे. तापट बापाने उत्तर देण्याआधी तीन श्वास मोजावेत. वर्षभराने फरक पाहावा.

दुसरी पुडी समाजाच्या हाती : परिस्थिती बदलणे. महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवले. त्यांनी त्या मुलांना ‘आत्मविश्वास बाळगा’ एवढाच उपदेश केला नाही. आत्मविश्वास उगवेल अशी जमीन त्यांना दिली. पहिली पुडी देऊन दुसरी लपवणे म्हणजे आजाऱ्यालाच दोष देणे होय. दुसरी देऊन पहिली विसरणे म्हणजे उघड्या दारात बसून राहणे होय.

यापुढे घरात, शाळेत वा कचेरीत कोणाविषयी ‘तो तसाच’ असे तोंडावर आले, तर स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या बाबतीत तसा? किती प्रमाणात? आणि कोणत्या परिस्थितीत? या तीन प्रश्नांपुढे कप्पा टिकत नाही, आणि कप्पा मोडला की माणूस दिसू लागतो.

अभ्यासासाठी प्रश्न

१. कप्पा आणि परिमाण यांतील फरक आपल्या परिसरातील उदाहरण देऊन सांगा.
२. पाच परिमाणांपैकी प्रत्येकावर आपण स्वतः कोठे आहोत? घरच्यांचे मत विचारून दोन्हींची तुलना करा.
३. ‘आनुवंशिक फरक’ या शब्दांचा जातीच्या समर्थनासाठी उपयोग का करता येत नाही?
४. आपल्या एखाद्या सवयीत वेदना, संज्ञा व संस्कार कसे काम करतात ते आठवडाभर वहीत लिहून पुढील अभ्यासवर्गात चर्चेला आणा.